एअरब्रश घेताना मी सुईचा आकडा बघत बसलो

सगळं सुरू झालं ते ठिपक्यांवरून. १/४८ स्केलचं (खऱ्याच्या अठ्ठेचाळीसाव्या भागाएवढं) मेसरश्मिट १०९ जी विमानाचं मॉडेल करत होतो, दुसऱ्या महायुद्धातलं जर्मन फायटर. ज्यांनी त्याचे फोटो बघितलेत त्यांना माहितीये, त्याच्या दोन्ही बाजूंना फिकट निळसर राखाडीवर (आरएलएम ७६, म्हंजे जर्मन हवाई मंत्रालयाचा रंगाचा नंबर) गडद राखाडीचे (७४ आणि ७५) विरळ ठिपके असतात, आणि त्या ठिपक्यांना कडा अशी नसतेच, हळूहळू विरून जातात. मी ते स्पंजने उठवले. लांबून बघितलं, जवळून बघितलं, चष्मा काढून बघितलं, कसंही बघा, विमानाला कांजिण्या आल्यात असंच दिसत होतं. ब्रशने रंगवण्याबद्दल माझी तशी तक्रार नव्हती, रणगाडे, माणसं, इंजिनं सगळं ब्रशनेच केलेलं, पण विरलेली कड काढणं ब्रशच्या बापाला जमत नाही.

मग एअरब्रश, म्हंजे हवेच्या जोरावर रंग फवारणारं पेनासारखं यंत्र, घ्यायचं ठरलं. बजेट बेताचं, आणि एकच घ्यायचा, म्हंजे त्याच एकाने प्रायमर (रंग धरून ठेवणारा पहिला थर) मारायचा, बेस कोट (मुख्य रंग) मारायचा, ठिपके काढायचे आणि शेवटी क्लिअर कोटही (वरचा पारदर्शक थर). एवढंच डोक्यात घेऊन शोधायला बसलो आणि पहिल्याच तासात घोडं अडलं ते सुई आणि नॉझल (रंग बाहेर पडतो ते टोकाचं तोंड) यांच्या आकड्यांवर. ०.२, ०.३, ०.३५, ०.४, ०.५, सगळे मिलिमीटर. मला वाटलं सोपंय, ब्रशसारखंच असणार, जेवढा बारीक नंबर तेवढं बारीक काम. आणि तेवढ्यात एक सेट दिसला, एका बॉडीबरोबर तीन सुया, तीन नॉझल, ०.२, ०.३ आणि ०.५, आणि सगळं मिळून नावाजलेल्या कंपनीच्या एका एअरब्रशच्या पाव किमतीत. वर हवा पुरवायला बॅटरीवर चालणारा मुठीएवढा कॉम्प्रेसर. स्वस्तात मस्त! लगेच मागवून टाकला.

तो आला, ०.२ लावली, पाण्यावरचा ॲक्रिलिक रंग घातला आणि ट्रिगर दाबला. वीस सेकंद छान चाललं. मग बंद. टोकाकडे बघितलं तर सुईवर रंगाचा एवढासा वाळलेला गोळा. तो बोटाने काढला, परत वीस सेकंद, परत गोळा. पूर्ण संध्याकाळ मी सुईचं नाक पुसत बसलो होतो, मॉडेलवर रंग किती गेला ते विचारूच नका. रंग सुईवर सुकतोय म्हणून कुणीतरी सांगितलेलं आठवून थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळलं, तर एअरब्रशच्या रंगाच्या कपात सरळ दही झालं. अल्कोहोल आणि तामिया या जपानी कंपनीचे ॲक्रिलिक यांचं जमतं, कारण ते मुळात अल्कोहोल बेसचेच, पण शुद्ध पाण्यावरच्या बऱ्याच रंगांचं नाही जमत, त्यांची गुठळी होते. हे मला तेव्हा कुठं माहिती होतं. ती गुठळी ०.२ च्या भोकातून काढणं हा वेगळाच सोहळा.

मुठीएवढ्या कॉम्प्रेसरचीही गंमत सांगतो. त्याला टाकी नाही, म्हणून हवा सलग येत नाही, धक्क्याधक्क्याने येते, आणि हळू रेघ ओढली तर तो धक्का रेघेत दिसतो, जाड-बारीक-जाड-बारीक, माळेसारखा. प्रेशर कमीजास्त करायचं बटण नाही. दहा मिनिटांत गरम. आणि हवा दमट असली की कुठूनतरी पाण्याचा एक थेंब थुंकणार, तोही नेमका ओल्या पंखावर.

तरी मी म्हटलं चालवून घेऊ, नाचता येईना अंगण वाकडं असं नको व्हायला, शिकलो की जमेल. जमलंही असतं कदाचित. पण साफ करताना ते झालं.

या सेटमधलं नॉझल म्हंजे पितळेचा एक कण, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा लहान, त्याला मागे आटे, आणि ते हेडमध्ये (एअरब्रशच्या पुढच्या भागात) एका इवल्याशा पान्याने घट्ट करायचं. मी साफ करून परत बसवलं तर कपात बुडबुडे यायला लागले. कपात बुडबुडे याचा अर्थ हवा नॉझलच्या बाजूने मागे रंगात घुसतेय, म्हंजे नॉझल सैल आहे किंवा त्याची सील गेलीय किंवा नॉझलला तडा आहे. मला त्यातलं पहिलं कारण आवडलं. पाना घेतला, थोडं आवळलं. बुडबुडे. अजून एक पाव फेरा. बुडबुडे. अजून एक, आणि हाताला एकदम सुटल्यासारखं वाटलं, ना आवाज ना काही. पान्याच्या टोकाला नॉझलचं तोंड होतं, आणि आटे आतच, हेडमध्ये, चकचकीत कड वर करून बसलेले. ते काढायला मी सुई फिरवून बघितली, टूथपिक ठोकून बघितली, नाहीच निघाले.

आता तुम्ही म्हणाल अजून दोन नॉझल होते की. होते. पण हेड एकच होतं, आणि त्यात आटे अडकलेले. नुसतं हेड मिळतं का बघितलं तर नाही, नॉझल मिळतं का तर त्याच नावाखाली दहा जणांचे, प्रत्येकाचे आटे किंचित वेगळे, कुठला बसेल कोणी सांगेना. पाव किमतीत घेतलेली वस्तू दीड महिन्यात पेपरवेट.

माझा एक मित्र आहे, तो जहाजांची मॉडेलं करतो, त्याला फोन केला आणि सगळं रडगाणं गायलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "अरे सुई किती मिलिमीटरची ते राहू दे रे, नॉझल उद्या तुटला तर एकटा मिळतो का, ते बघितलं होतंस का?"

नव्हतं बघितलं. 

दुसऱ्यांदा शोधायला बसलो ते मग उलट्या बाजूने. आधी स्पेअरची यादी, मग एअरब्रश. आणि हे करताना हळूहळू हेही कळत गेलं की मी आकडा कसा चुकीचा वाचत होतो. एअरब्रशमध्ये होतं काय, तर हवा नॉझलच्या टोकाभोवतून जोरात जाते, तिथे दाब कमी होतो, त्या ओढीने रंग बाहेर येतो आणि हवेने त्याचे बारीक कण होतात. सुई म्हंजे निमुळता बूच. तुम्ही ट्रिगर मागे ओढला की सुई मागे सरकते आणि बूच आणि भोक यांच्यात कडेने फट पडते. आता बारीक रेघ काढताना तुम्ही सुई जेमतेम सरकवलेली असते, म्हंजे भोक ०.५ चं असो की ०.२ चं, उघडलेली फट केसाएवढीच. ती फट सगळीकडून सारखी आहे का, सुई किती लांब निमुळती आहे, तिचं टोक किती गुळगुळीत आहे, ती भोकाच्या बरोबर मधोमध बसते का, यावर रेघ ठरते. आकडा सांगतो तो मुख्यतः हा, की पूर्ण उघडल्यावर किती रंग जाईल आणि किती जाड रंग न अडकता जाईल. माझी जुनी ०.२ ची सुई भिंगाखाली धरली तर तिच्यावर खराट्याने घासल्यासारखे ओरखडे होते. असल्या सुईला रंग चिकटून वाळणार नाही तर काय.

बाकीचे प्रश्न तसे लवकर सुटले. सिंगल ॲक्शन की डबल ॲक्शन? सिंगलमध्ये ट्रिगर दाबला की हवा आणि रंग दोन्ही एकदम, किती रंग ते स्क्रूने आधी ठरवायचं. पासे कंपनीचा एच हा असाच, रंग आणि हवा बाहेर मिसळणारा, धुवायला एकदम सोपा, आणि प्रायमर-बेस कोटला लोक आजही तो आनंदाने वापरतात. पण मला ठिपके हवे होते, आणि ठिपक्याला रंग शून्यापासून वाढवत न्यायला लागतो आणि परत शून्यावर आणायला लागतो, ते एकाच बोटाने, हवा चालू ठेवून. म्हणून डबल, दाबलं की हवा, मागे ओढलं की रंग. कप वर की बाटली खाली? वर. वरचा कप असला की रंग वजनानेच खाली येतो, कमी प्रेशरवर काम होतं आणि चार थेंब रंगावर पण भागतं. बाटलीवाले मोठ्या कामाला बरे, एकाच रंगाचं भरपूर फवारायचं असेल तर.

यादीत शेवटी तीन उरले. इवाटाचा निओ सीएन, ०.३५. हार्डर अँड स्टीनबेकच्या अल्ट्राचा टू-इन-वन सेट, ज्यात तेव्हा ०.२ आणि ०.४ दोन्ही यायच्या आणि नॉझलला आटेच नाहीत, नुसतं आत बसवायचं. आणि बॅजरचा पेट्रियट १०५, ज्याची सुई ०.५. या तिसऱ्याला मी यादीतून दोनदा काढलं होतं, ०.५ म्हंजे काय भिंत रंगवायचीय का म्हणून. पण मित्राकडे तोच होता. त्याने पेट्रियट, कॉम्प्रेसर, एक जुना कागदाचा गठ्ठा आणि काळा रंग समोर ठेवला आणि म्हणाला बस, ओढ रेघा.

मी तासभर बसलो. आधी नुसते ठिपके, मग ठिपके जोडून रेघ, मग कागदाच्या जवळ जात जात बारीक. पहिली वीस मिनिटं सगळी पानं बरबटली. आणि मग कधीतरी बोटाला ती जागा सापडली, ट्रिगर मागे यायला लागतो पण रंग अजून आलेला नसतो आणि मग एकदम धूर आल्यासारखा येतो, ती. तिथे हात स्थिर धरून एक रेघ ओढली तर बॉलपेनच्या रेघेएवढी आली. ०.५ ने. माझ्या ०.२ ने मी असली रेघ एकदाही काढली नव्हती. या सुईचं टोक लांब निमुळतं आहे, त्यामुळे सुरुवातीची फट फार हळू उघडते आणि चुकायला जागा मिळते. आणि नॉझल? बोटात धरता येतो एवढा मोठा, आटे नाहीत, पाना नाही, हेडने दाबून बसतो, तेही बोटाने फिरवून. आणि एकटा मिळतो. मी तो सुटा कार्टमध्ये टाकूनच मग एअरब्रश टाकला.

निओ किंवा अल्ट्रा घेतला असता तरी रडलो नसतो, हे पण सांगतो. १/७२ ची, म्हंजे अजून लहान, विमानंच करणाऱ्याने अल्ट्राकडे आधी बघावं. माझ्यासारखा जो एका दिवशी रणगाड्याला प्रायमर मारतो आणि दुसऱ्या दिवशी ठिपके काढतो त्याला मोठं भोक सोयीचं, अडकत नाही.

पेट्रियट आला त्या दिवशीचं फजितीचं प्रकरण म्हंजे पाइप. कॉम्प्रेसर मी आधीच आणून ठेवला होता, त्याच्या पाइपला १/८ बीएसपी (आट्यांचं एक ठरलेलं माप) आटे, बरेच एअरब्रश तेच वापरतात. बॅजरचे आटे वेगळे, लहान. (पासेचेही स्वतःचे वेगळे असतात.) चणे आहेत तर दात नाहीत! एक अंगठ्याच्या नखाएवढा अडॅप्टर लागतो, तो यायला चार दिवस, आणि ते चार दिवस मी नवा एअरब्रश हातात घेऊन ट्रिगर दाबत तोंडाने फुस्स फुस्स करत फिरत होतो. आधी वाचलं असतं तर एकाच वेळी मागवता आला असता. तुम्ही वाचा.

कॉम्प्रेसरवर मात्र यावेळी हात आखडता घेतला नाही, एअरब्रशपेक्षा जास्त पैसे तिथे गेले. एएस-१८६ नावाने वेगवेगळ्या शिक्क्यांखाली जो विकला जातो तो, छोटा पिस्टनवाला, ३ लिटरची टाकी, दाब कमीजास्त करायचा रेग्युलेटर, दाब दाखवणारा गेज आणि पाणी अडवणारा ट्रॅप. टाकीतला दाब ३ बारला आला की आपोआप चालू होतो आणि ४ बारला बंद. टाकीमुळे हवा सलग येते आणि माझी माळ गेली. एक गोष्ट मात्र मला उशिरा कळली, की गेजवरचा आकडा ट्रिगर सोडलेला असताना वेगळा असतो आणि दाबल्यावर खाली येतो. म्हणून ट्रिगर दाबून, हवा वाहती ठेवून, मग रेग्युलेटर फिरवायचा. मी आधी २० पीएसआय (हेही दाबाचंच माप) लावून खूश व्हायचो आणि प्रत्यक्षात मिळत होते त्याहून बरेच कमी. कामं झाल्यावर टाकीच्या खालचा स्क्रू उघडून पाणी सोडून द्यायचं, हे पण विसरू नका, आत गंज धरतो.

आता रंग. खरं सांगायचं तर एअरब्रशच्या निवडीत मी जेवढा जीव काढला तेवढा आधी रंग पातळ करण्यात काढायला हवा होता. साय काढलेल्या दुधासारखा करा असं सगळे सांगतात, पण ते दूध हातावर यायला वेळ लागतो. मी कपाच्या भिंतीवर बघतो, काडीने रंग वर ओढला आणि तो खाली घसरताना मागे पातळ पापुद्रा राहिला आणि सावकाश उतरला तर बरोबर, धप्पकन पडला आणि भिंत कोरडी राहिली तर जास्त पातळ, चिकटून बसला तर जाड. तामियाचे ॲक्रिलिक मी त्यांच्या एक्स-२०ए थिनरने साधारण निम्मे निम्मे करतो, बेस कोटला १५ ते २० पीएसआय, चार-पाच इंचांवरून. ठिपक्यांना त्याहून पातळ, एक भाग रंगाला दोन भाग थिनर, प्रेशर १२ च्या आसपास, आणि अंतर एखाद-दीड सेंटीमीटर. इतकं जवळ की सुईच्या टोकावरची टोपी काढावी लागते, फक्त मग ते उघडं टोक सांभाळायचं. रंग पातळ आणि प्रेशर जास्त राहिलं तर थेंब चारी बाजूंना पाय फुटून पळतो, कोळी होतो. लांबून आणि जास्त प्रेशरने मारलं तर रंग हवेतच सुकून पोहोचतो आणि पृष्ठभाग हाताला पिठासारखा लागतो. मी दोन्ही केलंय, एकाच विमानाच्या दोन पंखांवर.

पाण्यावरच्या ॲक्रिलिकला आता रिटार्डरचे (रंग सुकणं लांबवणारं द्रव) एक-दोन थेंब घालतो, सुईवर सुकणं पुष्कळ कमी होतं, संपत नाही. शेजारी थिनरमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा ठेवायचा आणि मधूनमधून टोक पुसायचं, याला इलाज नाही.

लॅकर (उग्र वासाच्या सॉल्व्हंटमधले रंग) मारायचे असतील तर मास्क साधा धुळीचा चालत नाही, तो वाफ अडवत नाही. ऑरगॅनिक व्हेपरचे कार्ट्रिज असलेला रेस्पिरेटर लागतो आणि खिडकीबाहेर हवा टाकणारा पंखा. ॲक्रिलिक आहे म्हणून बिनमास्क बसणारे पण बघितलेत, कण तर कणच असतात हो, फुफ्फुसात जाऊन ते पाण्यावरचे की तेलावरचे विचारत नाहीत.

साफसफाईला मी आधी फार घाबरायचो, त्या पान्याच्या प्रसंगामुळे. आता रंग बदलताना कप पुसतो, थिनर घालतो, टोकावर कापड धरून हवा सोडतो म्हणजे मागे बुडबुडे येऊन आतला रंग सुटतो (इथले बुडबुडे आपण मुद्दाम काढलेले, ते वेगळे), ओततो, परत एकदा, झालं, दोन मिनिटं. दिवसाच्या शेवटी सुई काढून पुसतो आणि नॉझल काढून आतून बारीक ब्रश फिरवतो. पूर्ण एअरब्रश थिनरमध्ये बुडवून ठेवायचा नाही, आतल्या रबरी रिंगा फुगतात.

एकदा सुई पडली. टोकावरच पडली, अर्थातच. डोळ्याला काही दिसत नव्हतं पण फवारा सगळा डावीकडे जायला लागला. नखावर टोक हळूच ओढून बघितलं तर खरखरलं, टोक गळासारखं वाकलं होतं. काचेच्या तुकड्यावर सुई आडवी ठेवून, बोटाने टोकाशी हलकं दाबत फिरवत फिरवत मागे ओढली, आठ-दहा वेळा, आणि ती बऱ्यापैकी सरळ झाली. त्याच सुईवर अजून काम भागतंय, पण नवी सुई मागवून नॉझलच्या डबीत ठेवली आहे.

मेसरश्मिटचे ठिपके शेवटी परत काढले. स्पंजवाला रंग पूर्ण उतरवला, ७६ चा बेस दिला, एक दिवस वाळू दिला आणि मग आधी प्लॅस्टिकच्या चमच्यावर सराव. चमचा छान आहे, विमानाच्या अंगासारखाच गोल. सहा चमचे झाले, सातव्यावर म्हटलं आता बस, आणि विमान घेतलं. डावी बाजू एकदम झाली, मलाच विश्वास बसेना, ठिपके धुक्यासारखे विरलेले. उजव्या बाजूला शेपटीजवळ आलो आणि कपातला रंग संपत आलेला लक्षातच आलं नाही, शेवटच्या थेंबाबरोबर हवेचा फटका बसला आणि एक कोळी झाला, आठही पाय स्पष्ट. घासून परत मारला असता, पण तोपर्यंत हात थांबायला तयार होता आणि मीही. विमान कपाटात आहे, उजवी बाजू भिंतीकडे.